पोच

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
जिथे पूर्वी मालाच्या बिलट्या ठेवायचे
म्हणून दार अजून लोखंडी आहे,
तिथे आमचे तीन सर्व्हर.
एक एसी चालतो, दुसरा बादलीत ठिबकतो.
किल्ली तांडेलांकडे.
आवक-जावक विभागातले ते शेवटचे,
निवृत्तीला अठरा दिवस.

रात्री अकराला मी लॅपटॉप उघडला.
इथली रांग तिथल्या रांगेला जोडायची होती.
"तिथे म्हणजे?"
क्लाउड, म्हटलं.
"म्हणजे कुठे?"
स्क्रीनवरचं वाचून दाखवलं : मुंबई.
"आणि आपण?"
आपणही मुंबई.
"मग पत्ता दे, सायकलवर टाकून येतो."

पत्ता नव्हता. म्हणजे होता,
चार आकडे, मध्ये ठिपके,
पण त्या आकड्यांच्या दारात
कुणी चपला काढून ठेवलेल्या नसतात.

दुवा उभा केला. पडला.
पुन्हा उभा केला.
इकडे रांग वाढत चालली :
न्हावाशेव्याला उतरलेला कंटेनर, सील शाबूत;
बैराची तूर, कस्टमचा शिक्का मिळाला;
बाप्तिस्ता नावाच्या कुणा खलाशाचं घरसामान,
दोन पेट्या, एक शिवणयंत्र.
चार हजार एकशे बारा, कुणी कुणाला धक्का न देता,
बंदराबाहेर नांगर टाकलेल्या बोटींसारखे
दिवे लावून बसलेले.
तांडेलांचा बाप पायलट लाँचवर होता.
तो म्हणायचा, थांबलेल्या बोटीला शिव्या देऊ नयेत,
तिचा काय दोष, धक्काच रिकामा नसतो.

दोन वाजता कळलं.
दर खेपेला तिकडून पाच मिनिटांचा परवाना यायचा
आणि आमचं यंत्र म्हणायचं, याचा जन्मच झालेला नाही.
आमच्या घड्याळात तो जन्मेपर्यंत
तिकडे मेलेला असायचा.
सात मिनिटं मागे होतो आम्ही.

"सात?" तांडेल हसले.
दाराबाहेर, हजेरीपटाच्या वर, लंबकाचं घड्याळ.
यंत्र बसवताना कुणीतरी
त्याच्याकडे बघून वेळ भरली होती.
"ते मीच मागे ठेवतो, सत्त्याण्णवपासून.
उशिरा येणाऱ्यांचं नाव लाल शाईत जाऊ नये म्हणून."

मी यंत्राची वेळ सरळ केली.
घड्याळाला हात लावला नाही.
दुवा उभा राहिला आणि राहिला.
चार हजार. अडीच. नऊशे.
पोच आल्याशिवाय आपण इकडची प्रत पुसत नाही,
मी समजवायला गेले.
"मला सांगतेस?"
त्यांनी वही पुढे सरकवली :
सह्या, सह्या, निळे अंगठे,
एका पानावर चहाचा गोल.

अकरा संदेश दोनदा गेले.
"चुकलं?"
नाही, म्हटलं, तसंच ठरवलंय,
न पोचण्यापेक्षा दोनदा पोचलेलं बरं.
ते बराच वेळ बादलीकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"कुलाब्याच्या भावाला मी एकदाच कळवलं होतं."

पाचला एक उरला.
ज्या रांगेत जायचं ती रांगच
कुणीतरी काढून टाकलेली.
नियमाप्रमाणे तो मृत पत्रांच्या खणात पडला :
बाप्तिस्ता, दोन पेट्या, एक शिवणयंत्र.
तांडेलांनी खिशातलं पेन काढलं,
जावकच्या रकान्यात तो उतरवून घेतला,
सहीची जागा मोकळी सोडली,
आणि तारखेपुढे वेळ टाकली
भिंतीकडे बघून.